लाल घळींचं ऊन: ॲरिझोना-यूटाची पाच दिवसांची पहिली फोटो-सहल कशी आखाल

पहिल्या फेरीत माझ्या वहीत चार दिवसांसाठी नऊ ठिकाणं लिहिलेली होती. नऊही पाहून झाली. परत येऊन फोटो उघडले तेव्हा लक्षात आलं की बहुतेक जागी मी भर दुपारी पोचले होते. सकाळ आणि संध्याकाळ गाडीत गेली होती. दगड तोच, दरी तीच, पण फोटोत सगळं सपाट आणि पांढुरकं. दुसऱ्या फेरीत चारच ठिकाणं घेतली आणि प्रत्येक ठिकाणी ऊन कधी, कुठल्या बाजूने येतं ते आधी लिहून काढलं. तेव्हापासून पहिल्यांदा निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: नकाशा नंतर उघडा, आधी उन्हाचं वेळापत्रक मांडा.

चार-पाच दिवस हातात असलेल्या आणि कॅमेरा किंवा बऱ्यापैकी फोन जवळ असलेल्या नवख्या माणसासाठी हे लिहिते आहे.

आधी मुलूख समजून घ्या

यूटा, ॲरिझोना, कोलोराडो आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांत पसरलेलं हे कोलोराडो पठार. त्याच्या दक्षिण भागात, पेज नावाच्या गावाच्या आसपास, जो दगड सगळीकडे दिसतो तो नावाहो सँडस्टोन. ज्युरासिक काळात इथे वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. ती वाळूच दबून दगड झाली. कड्यांवर ज्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसतात, ते वाऱ्याने रचलेले त्या टेकड्यांचे थर आहेत. रंग लोहाचा. गेरू ज्यामुळे लाल दिसतो, त्याच कारणाने हा दगडही लाल दिसतो.

फोटोच्या दृष्टीने इथल्या जागा दोन प्रकारच्या. एक, उघड्या दऱ्या आणि सुळके: ग्रँड कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली, हॉर्सशू बेंड. दुसरा, पुराच्या पाण्याने दगड कापून तयार झालेल्या अरुंद घळी. यांना स्लॉट कॅन्यन म्हणतात. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतक्या त्या चिंचोळ्या असतात. बहुतेक उघड्या जागांना तिरपं ऊन हवं असतं, म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ. घळीला मात्र डोक्यावरचं ऊन हवं, नाहीतर ते तळापर्यंत उतरतच नाही. ज्या दुपारला फोटोग्राफर एरवी कॅमेरा बॅगेत टाकतात, ती दुपार घळीत सोन्यासारखी. हे एवढं ध्यानात ठेवलं की दिवसाचा आराखडा जवळजवळ आपोआप तयार होतो: पहाट आणि संध्याकाळ उघड्यावर, दुपार घळीत किंवा प्रवासात.

महिना ठरवणं

माझी पसंती सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. ऊन मऊ होतं, गर्दी उतरते, पावसाचे दिवस मागे पडतात. दुसरी पसंती एप्रिल-मे. फक्त वसंतात वारा फार असतो आणि वाऱ्याबरोबर वाळू येते.

जून ते ऑगस्ट पेजला पारा सहज 38 अंशांच्या पुढे जातो. तरी याच काळात अँटिलोप कॅन्यन या पेजजवळच्या घळीच्या वरच्या भागात ते प्रसिद्ध कवडसे पडतात. सूर्य पुरेसा उंच असेल तरच कवडसा थेट तळाला टेकतो, म्हणून त्यांचा हंगाम साधारण मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि वेळ दुपारच्या आगेमागे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथे मान्सून असतो. तो आपल्या वळवासारखा वागतो: सकाळ स्वच्छ, दुपारनंतर ढग चढतात, गडगडाट आणि एक जोरदार सर. मॉन्युमेंट व्हॅलीवर असे ढग दाटले तर फोटोला त्यापरतं दृश्य नाही. घळीसाठी मात्र हाच काळ सर्वांत धोक्याचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

हिवाळाही टाकाऊ नाही. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे, तिथे बर्फ पडतो, आणि लाल कड्यावर पांढरी रेघ उमटते. दिवस लहान असल्याने सूर्योदयासाठी मध्यरात्री उठावं लागत नाही. घळीत कवडसे नसतात, पण जांभळट छटा जास्त खुलतात आणि धक्काबुक्की कमी.

मुक्काम कुठे

पेज. ग्लेन कॅन्यन धरणाच्या कामगारांसाठी 1957 साली वसवलेलं हे छोटं गाव. अँटिलोप कॅन्यन आणि हॉर्सशू बेंड दोन्ही इथून 10-15 मिनिटांवर, धरण आणि लेक पॉवेल गावाला लागूनच. मॉन्युमेंट व्हॅली सुमारे 200 किलोमीटर, ग्रँड कॅन्यनचं दक्षिणेकडचं मुख्य गाव सुमारे 220. लास व्हेगासहून पेज साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, फीनिक्सहूनही जवळपास तेवढंच. गाडी भाड्याने घ्यावीच लागते. सार्वजनिक वाहनांवर ही सहल होत नाही.

यूटातली झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं या सहलीत घालण्याचा मोह होईल. घालू नका. दोन्हींना आपापले दोन दिवस द्यावे लागतात, आणि पाच दिवसांत ते कोंबले की माझ्या पहिल्या फेरीसारखं होतं.

काय आधी आरक्षित करायचं, आणि कुठल्या क्रमाने

सगळ्यात आधी घळीची फेरी. अँटिलोप कॅन्यन नावाहो या इथल्या आदिवासी लोकांच्या जमिनीवर आहे आणि परवानाधारक नावाहो वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. वरची घळ, खालची घळ आणि इतर काही घळी, प्रत्येकीच्या फेऱ्या वेगळ्या. वरची घळ तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद, चालायला सपाट; कवडसे प्रामुख्याने इथे. खालची याच्या उलट, माथ्याशी उघडी, तळाशी चिंचोळी, आत लोखंडी शिड्या. कवडसे कमी, पण उजेड अधिक आणि दगडाचे वळसे विलक्षण. कवडशाचाच फोटो हवा असेल तर वरच्या घळीची दुपारची फेरी धरा, आणि ती काही महिने आधी. आकार आणि रंग हवे असतील तर खालची घ्या. मला स्वतःला खालची जास्त आवडते.

नेहमीच्या फेऱ्यांत ट्रायपॉड, पाठीवरची बॅग आणि सेल्फी स्टिक नेऊ देत नाहीत. हे आधी माहीत नसलं की प्रवेशाजवळ सगळं सामान गाडीत ठेवायला पळावं लागतं. पेजच्या परिसरात कमी नावाजलेल्या घळींच्या छोट्या गटाच्या फेऱ्याही निघतात. ट्रायपॉड चालेल का, हे आरक्षण करण्याआधी त्यांना लेखी विचारून घ्या.

त्यानंतर मॉन्युमेंट व्हॅलीतला एक मुक्काम आणि ग्रँड कॅन्यनच्या काठावरचा एक मुक्काम. दोन्हीकडे खोल्या मोजक्या आहेत. गाडी आणि विमान त्यानंतर ठरवलं तरी चालतं.

शुल्काचं गणितही आधीच मांडा. ग्रँड कॅन्यनला एका गाडीला 35 डॉलर, सात दिवस चालतात. 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्या पर्यटकांना ग्रँड कॅन्यनसह 11 राष्ट्रीय उद्यानांत 16 वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येक माणसामागे 100 डॉलर जादा पडतात. त्यांच्यासाठी वार्षिक पास 250 डॉलरचा आहे, रहिवाशांसाठी 80 चा. दोघं-तिघं मिळून जात असाल आणि आणखी उद्यानं पाहायची असतील तर पास परवडतो. मात्र हा पास नावाहो भूमीवर चालत नाही, आणि हॉर्सशू बेंडच्या वाहनतळावरही नाही. तो तळ पेज गावाचा आहे, गाडीमागे 10 डॉलर.

कोयोटी ब्यूट्स नॉर्थ या भागातल्या ‘द वेव्ह’ या लाटेसारख्या दगडाचे फोटो पाहून अनेकजण त्यावरच सहल बेतायला जातात. तिथे दिवसाला जास्तीत जास्त 64 जणांना परवानगी मिळते, तीही सोडतीने. सोडतीत नाव घालायला हरकत नाही. लागलं तर आनंदच. पण पहिल्या, छोट्या सहलीचा डोलारा सोडतीवर उभा करू नये.

घड्याळाची भानगड

हा परिच्छेद दोनदा वाचा. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. यूटा करतं. नावाहो भूमी ॲरिझोनात असूनही करते. म्हणजे मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेजमध्ये दहा वाजलेले असताना मॉन्युमेंट व्हॅलीत अकरा वाजलेले असतात. अँटिलोप कॅन्यन नावाहो भूमीवर असूनही तिथल्या फेऱ्या पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेनुसार सुटतात. फोन कुठल्या टॉवरला लागला आहे त्यावर त्याचं घड्याळ तासाभराने मागेपुढे उडतं. माझी एक फेरी याच कारणाने हुकता हुकता राहिली. फोनवरची स्वयंचलित वेळ बंद करून ‘फीनिक्स’ निवडा, किंवा हातात साधं घड्याळ बांधा.

पाच दिवस असे मांडा

पहिला दिवस. सकाळी लास व्हेगासहून निघा, सेंट जॉर्ज आणि कनॅबमार्गे. कनॅब ते पेज रस्त्यावर, पेजच्या साधारण 50 किलोमीटर आधी, टोडस्टूल हूडूजचा फाटा आहे. जाऊन-येऊन तीन किलोमीटरच्या आत चाल. टोकाला मातकट खांबांवर गडद तांबड्या दगडाच्या छत्र्या. दुपारी उशिरा पोचलात तर पायही मोकळे होतात आणि पहिली संध्याकाळ फुकट जात नाही. छत्र्यांच्या खाली बसून, कॅमेरा जमिनीजवळ नेऊन बघा. अंधार पडायच्या आत गाडीपाशी परत या.

दुसरा दिवस पेजचा. पहाटे वॉवीप ओव्हरलूकवर जा, खाली लेक पॉवेल आणि त्यातून वर आलेले सुळके. न्याहारी करून साडेनऊच्या सुमाराला हॉर्सशू बेंड. दुपारी घळ. घळीतून आल्यावर झोपा. खरंच झोपा, कारण हे पहाटेपासूनचं जागरण तिसऱ्या दिवशी अंगावर येतं. संध्याकाळी धरणाच्या कड्यावरचं दृश्यस्थळ किंवा लोन रॉकचा किनारा.

तिसऱ्या दिवशी सकाळ मोकळी ठेवा. घळीचा किंवा हॉर्सशू बेंडचा फोटो मनासारखा आला नसेल तर दुसरी संधी इथे मिळते. आदल्या दिवशी ढगांमुळे दुपार गेली असेल, तर या मोकळ्या सकाळचं मोल कळतं. मग मॉन्युमेंट व्हॅलीकडे निघा. तासभर पुढे असलेलं घड्याळ लक्षात ठेवून दुपारी तीनपर्यंत पोचा. तिथला 27 किलोमीटरचा आतला रस्ता कच्चा आहे, खड्डे आणि मऊ वाळूचा. भाड्याच्या गाडीच्या अनेक करारांत कच्चा रस्ता मनाई असतो, म्हणून उघड्या जीपची नावाहो वाटाड्याबरोबरची फेरी घ्या. खाजगी गाडीला जिथे जाता येत नाही तिथेही वाटाडे नेतात. मुक्काम तिथेच.

चौथ्या दिवशी सुळक्यांमागून सूर्योदय. मग केयेंटा, ट्युबा सिटी, कॅमेरॉन करत ग्रँड कॅन्यनच्या पूर्व दारातून आत शिरा. हे दार लक्षात ठेवा. बहुतेक लोक दक्षिण दाराने येतात. पूर्वेकडून आलं की डेझर्ट व्ह्यूचा दगडी मनोरा आणि लिपन पॉइंट वाटेतच लागतात, आणि नदीचा मोठा पट्टा इथूनच दिसतो. संध्याकाळ लिपन पॉइंटला. रात्र गावात.

पाचव्या दिवशी मॅदर पॉइंट किंवा यावापाई पॉइंटवर सूर्योदय, मग परतीचा रस्ता. लास व्हेगास सुमारे 450 किलोमीटर, फीनिक्स 370 च्या आसपास. त्याच रात्रीचं विमान घेत असाल तर ते उशिराचंच घ्या.

चारच दिवस असतील तर? मी ग्रँड कॅन्यन गाळीन. ऐकायला विचित्र वाटेल, पण पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला ती दरी फार अवघड जाते. 446 किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून खोल, आणि दुपारी धुरकट. तिला एक संध्याकाळ आणि एक सकाळ हा अगदी किमान वेळ आहे. त्याहून कमी असेल तर पुढच्या फेरीसाठी राखून ठेवा.

घळीच्या आत

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण नवख्यांचे सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात.

कवडसा नेत्रदीपक असतो, पण घळीचा खरा जीव परतलेल्या उजेडात आहे. वरच्या फटीतून आलेलं ऊन एका भिंतीच्या माथ्याला लागतं, तिथून समोरच्या भिंतीवर पडतं, तिथून पुन्हा अलीकडे. दर वेळी तांबडा दगड त्यातला निळा भाग शोषून घेतो आणि लाल-केशरी तेवढा पुढे पाठवतो. दोन-तीन वेळा असं झालं की भिंत आतून पेटल्यासारखी दिसते. जिथे हे परतलेलं ऊन पोचत नाही आणि फक्त आकाशाचा उजेड उतरतो, तिथे तोच दगड जांभळा दिसतो. म्हणून एका फोटोत पिवळा, केशरी, लाल, जांभळा असे सगळे रंग मिळतात. रंग भिंतीत शोधू नका, समोरच्या भिंतीवर ऊन कुठे पडलं आहे ते आधी बघा. त्याच्या समोरची बाजू पेटलेली असेल.

यातून पहिला नियम निघतो: चौकटीत आकाश आणि थेट ऊन येऊ देऊ नका. आकाशाची एक चिरोटी जरी आत आली तरी ती पांढरी फटफटीत होते आणि बाकी सगळं काळं पडतं. अपवाद कवडशाचा, तिथे कवडशाच्या तेजानुसार एक्स्पोजर (कॅमेऱ्याने किती उजेड घ्यायचा ते) ठरवा आणि भिंती थोड्या काळोख्या राहू द्या.

दुसरा नियम: व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. कॅमेऱ्याला वाटतं हा केशरी रंग चूक आहे, आणि तो इमानेइतबारे तो काढून टाकतो. डेलाइटवर ठेवा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घेत असाल तर नंतरही बदलता येतं, पण तिथल्या तिथे पडद्यावर खरा रंग दिसला की तुम्ही जागा चांगल्या निवडता.

ट्रायपॉड नसताना सुरुवात अशी करा: छिद्र (ॲपर्चर) एफ 5.6 किंवा 8, शटर 1/60, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 800 पासून. अंधाऱ्या वळणावर 1600, 3200 पर्यंत बिनधास्त जा. थोडा दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. कोपर अंगाशी दाबा, श्वास सोडताना बटण दाबा, प्रत्येक चौकट तीनदा घ्या. भिंतीला टेकून आधार घेऊ नका, दगड ठिसूळ असतो.

लेन्स एकच. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 16-35 किंवा 24-70 यांपैकी जी असेल ती, बाहेर असतानाच लावून ठेवा. घळीत हवेत सतत बारीक वाळू तरंगत असते. आत लेन्स बदललीत तर ती थेट सेन्सरवर जाते. मी हे एकदा केलं आणि उरलेल्या सहलीच्या प्रत्येक फोटोत आकाशात तेच चार ठिपके आले.

फोनवाल्यांसाठी: भिंतीच्या उजळ भागावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर बांधून घ्या, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. रंग लगेच गडद होतात.

आणि गर्दी. फेऱ्या एकामागोमाग एक असतात, थांबायला वेळ थोडा मिळतो. रुंद चौकटीत डोकी येतातच. अशा वेळी कॅमेरा वर करा. डोक्यांच्या वरचा भाग रिकामाच असतो, आणि वळसे तिथेच सुंदर असतात. वाटाड्यांना प्रत्येक वळणाचा कोन पाठ असतो. सुरुवातीलाच सांगा की तुम्हाला फोटोत रस आहे.

उघड्या जागांवर

हॉर्सशू बेंडवर कोलोराडो नदी तुमच्या पायाखाली सुमारे 300 मीटरवर जवळजवळ पूर्ण वळसा घेते. अख्खा वळसा चौकटीत बसवायला फुलफ्रेमवर 14 ते 20 मिलिमीटरची लेन्स लागते. फोनवर सगळ्यात रुंद लेन्स. तुमचं तोंड पश्चिमेला असतं, म्हणून सूर्यास्ताला ऊन डोळ्यांत येतं. सगळे संध्याकाळी जातात, पण मी सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान जायला सांगते. सावली नदीवरून सरकलेली असते आणि पाणी हिरवं दिसतं. वाहनतळ सूर्योदयाला उघडतो आणि सूर्यास्ताला बंद होतो, त्यामुळे रात्रीचा बेत इथे नको.

मॉन्युमेंट व्हॅलीत पर्यटक केंद्राजवळच्या कठड्यावरून तीन प्रसिद्ध सुळके पूर्वेला दिसतात. म्हणजे संध्याकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येऊन त्यांच्यावर पडतं आणि ते निखाऱ्यासारखे होतात. सकाळी तेच सुळके काळ्या आकृत्या होऊन उभे राहतात. दोन्ही फोटो एकाच जागेवरून, म्हणूनच तिथे रात्र काढायची. सूर्य मावळला की लगेच उठून जाऊ नका. पुढची 20 मिनिटं पूर्वेच्या आकाशात गुलाबी पट्टा चढतो, आणि त्याच्या खाली पृथ्वीची निळसर सावली.

ग्रँड कॅन्यनला रुंद लेन्स बाजूला ठेवा. रुंद फोटोत ती दरी खडबडीत जमिनीसारखी दिसते. 70-200 सारखी लांब लेन्स लावून एखादी कड, तिच्यामागची दुसरी, त्यामागची तिसरी अशा थरांचा तुकडा उचला. तिरपं ऊन असताना प्रत्येक कडेची सावली मागच्या कडेपासून तिला सुटी करते, आणि खोली फोटोत उतरते. होपी पॉइंटसारख्या जागा ज्या रस्त्यावर आहेत, तो हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंद असतो. मोफत बस धरा आणि परतीची शेवटची बस कितीची ते आधी बघा.

पाणी, पूर आणि कडे

12 ऑगस्ट 1997 रोजी खालच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या पुरात 11 पर्यटक वाहून गेले. घळीवर फारसा पाऊस नव्हता. पाऊस काही मैल दूर, वरच्या पाणलोटात झाला होता. डोक्यावरचं निळं आकाश पाहून घळ सुरक्षित समजायची नाही, हे त्या दिवसाने शिकवलं. आज वाटाडे हवामानावर नजर ठेवतात आणि फेरी रद्द करतात. रद्द झाली तर वाद घालू नका. वाटाड्याशिवाय एखाद्या घळीत जाणार असाल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा त्या दिवसाचा अचानक पुराचा इशारा बघा, आणि शंका असली तर उतरू नका.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा आणि गाडीत वेगळा साठा ठेवा. हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळतच नाही. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. पुढचा पंप कधी तासाभराने लागतो. मोबाईलला अनेक ठिकाणी रेंज नसते, नकाशे आधी उतरवून घ्या. अंधारात रस्त्यावर गुरं आणि हरणं येतात, वेग कमी ठेवा.

कड्यांबद्दल एकच. हॉर्सशू बेंडला कठडा थोड्याच भागाला आहे, बाकी कडा उघडा. सँडस्टोनची कड फुटते, वर सुटी वाळू असते. माणसं पडून दगावली आहेत. डोळ्याला कॅमेरा लावून पाऊल टाकू नका. आधी जागा घ्या, उभे राहा किंवा बसा, मग चौकट बघा.

पाहुण्यासारखं वागणं

नावाहो लोक स्वतःला डिने म्हणवतात, आणि अँटिलोप कॅन्यन व मॉन्युमेंट व्हॅली ही त्यांची घरची जमीन आहे. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. नावाहो भूमीवर दारू बाळगायलाही बंदी आहे. ड्रोन नावाहो उद्यानांत चालत नाही आणि राष्ट्रीय उद्यानांतही नाही. तो आणूच नका. दगडावरची जुनी कोरीव चित्रं दिसली तर हात लावू नका, बोटांचं तेल त्यांना खातं.

वाटेच्या कडेला काळपट, खरबरीत, पापुद्र्यासारखी माती दिसेल. ती सूक्ष्मजीवांनी विणलेली जिवंत साय आहे. तीच वाळू धरून ठेवते, आणि एका पावलाने मोडली तर भरून यायला अनेक वर्षं लागतात. चांगल्या कोनासाठी वाट सोडायची असेल तर दगडावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून जा.

बॅगेत काय, आणि रोज रात्री काय

कॅमेरा, एक रुंद आणि एक लांब लेन्स, तीन बॅटऱ्या, मजबूत ट्रायपॉड, डोक्याचा दिवा, हवा मारायचा रबरी फुगा, आणि कॅमेरा झाकायला साधी प्लॅस्टिकची पिशवी. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर आणा, पण अतिरुंद लेन्सवर लावू नका, आकाश एका बाजूला काळं आणि दुसऱ्या बाजूला फिकं पडतं. वाऱ्यात ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका आणि त्याखाली बॅग लटकवा. पहाटेसाठी जाड जाकीट ऑक्टोबरातही हवं. वाळवंट दुपारी जितकं तापतं तितकंच रात्री उतरतं.

खोलीवर परतल्यावर आधी फुग्याने वाळू उडवा. कापडाने पुसण्याची घाई नको, वाळूचा कण काचेवर चरा पाडतो. ट्रायपॉडचे सांधे ओल्या फडक्याने पुसा. कार्डावरचे फोटो दुसऱ्या जागी उतरवा आणि कार्ड लगेच रिकामं करू नका. त्या दिवशीचे दहा फोटो मोठ्या पडद्यावर नीट बघा, उजळ भाग जळले आहेत का, चौकट तिरकी आहे का. उद्या सुधारता येईल असं काहीतरी त्यात सापडतंच. मग दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाची वेळ काढा, ज्या जागी उभं राहायचं आहे त्या जागेच्या घड्याळाप्रमाणे, आणि गजर त्याच्या दीड तास आधीचा लावा.